खाल्ल्या मिठाचा हिशेब : अमेरिकेतले कॉलेज फुटबॉलपटू आणि निष्ठेचा प्रश्न

गेल्या वेळी आपण 'वचन' या कल्पनेचा विचार केला. आज तिच्या शेजारच्या घरात जायचं आहे. त्या घराचं नाव निष्ठा. उदाहरण मात्र लांबचं घेतलं आहे, अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं. निष्ठा आणि पैसा यांची गाठ इतक्या उघडपणे, आकड्यांसकट, सध्या दुसरीकडे क्वचितच पडताना दिसते, म्हणून. शिवाय आपल्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं तिकडच्या विद्यापीठांत आहेत. शनिवारी विद्यापीठाच्या रंगाचा टी-शर्ट घातलेले त्यांचे फोटो आपल्याला येतात. त्या टी-शर्टामागे काय चाललं आहे ते पाहू.

हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू, डोक्यावर हेल्मेट आणि नियमांत बसणारी धडकाधडकी. प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते तो 'क्वार्टरबॅक'. संघाचं बरंचसं नशीब त्याच्यावर. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून जास्त माणसं बसतात. विद्यापीठांच्या 'बिग टेन' नावाच्या गटाने २०२२ साली दूरचित्रवाणी कंपन्यांशी सात वर्षांचा जो करार केला, तो सुमारे ७ अब्ज डॉलरचा होता. खेळणारी मुलं अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची. आपण 'कॉलेजचा संघ' म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं, ते विसरायला हवं.

आता समजा, अशाच एका मधल्या फळीच्या विद्यापीठात वीस वर्षांचा एक क्वार्टरबॅक आहे. शाळेत असताना त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं, तेव्हा इथल्या प्रशिक्षकाने त्याला हेरलं. पहिल्या वर्षी खांदा दुखावला, तर संघाने सांभाळून घेतलं. दुसऱ्या वर्षी तो चमकला. आणि जानेवारीत निरोप येतो : मोठ्या विद्यापीठात ये, इथल्यापेक्षा कितीतरी पट पैसे देऊ. आई दोन ठिकाणी काम करते आहे. निर्णयाला दिवस पंधरा. त्याने काय करावं?

आपल्याकडे याचं उत्तर तयार आहे : खाल्ल्या मिठाला जागावं. हे उत्तर आम्ही खोडून काढणार नाही. पण मीठ कोणी वाढलं आणि जेवण कोणाच्या कष्टाचं होतं, हा हिशेब आधी मांडू.

तिकडच्या कॉलेज खेळांचा कारभार 'एनसीएए' ही संस्था पाहते. १९५० च्या दशकात या संस्थेने 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द चलनात आणला. शब्द गोंडस आहे, पण त्याला एक काम नेमून दिलेलं होतं. कोलोराडोतल्या एका कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू १९५५ साली सामन्यात डोक्याला मार लागून दगावला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली ती नाकारली. तो कॉलेजचा कामगार ठरत नाही, असं म्हणून. खेळाडू हा विद्यार्थी, नोकर नव्हे, हीच भूमिका संस्थेने पुढे अनेक दशकं धरून ठेवली. हा शब्द घडवणारे वॉल्टर बायर्स पुढे निवृत्त झाले आणि १९९५ साली त्यांनीच या व्यवस्थेवर टीका करणारं पुस्तक लिहिलं.

खेळाडूला शिष्यवृत्ती मिळे : फी, राहणं, जेवण, पुस्तकं. पण १९७३ पासून ती एकेका वर्षाचीच असे, आणि पुढच्या वर्षी द्यायची की नाही हे विद्यापीठाच्या हाती. अनेक वर्षांची शिष्यवृत्ती द्यायला पुन्हा परवानगी मिळाली ती २०१२ साली. उलट खेळाडूला दुसरीकडे जायचं असेल, तर फुटबॉलमध्ये साधारणपणे एक वर्ष न खेळता बसावं लागे. ज्याचं खेळायचं आयुष्यच चार वर्षांचं, त्याचं एक वर्ष म्हणजे पाव आयुष्य. थोडक्यात, विद्यापीठाचं बंधन एका वर्षाचं आणि मुलाचं बंधन चार वर्षांचं. आणि या व्यवस्थेला सगळे कौतुकाने म्हणत : पूर्वीची पोरं किती निष्ठावान होती!

इथे तत्त्वज्ञानाचा पहिला मुद्दा येतो. दार बाहेरून कुलूपबंद असेल, तर आतल्या माणसाच्या राहण्याला निष्ठा म्हणता येईल का? अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक लहानसं पण फार महत्त्वाचं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं : एखादी संस्था घसरू लागली की तिच्या माणसांपुढे दोन मार्ग असतात, निघून जाणं किंवा आवाज उठवणं. निष्ठा माणसाला लगेच निघून जाऊ देत नाही, आणि थांबून बोलायला लावते. म्हणजे निष्ठेला अर्थ येतो तो जाण्याची शक्यता खरी असते तेव्हाच.

या मुलांना जाण्याचं दार जवळपास बंद होतं, आणि बोलण्याचंही. २०१४ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी संघटना बांधायचा प्रयत्न केला. कामगार मंडळाच्या विभागीय अधिकाऱ्याने त्यांना कर्मचारी मानलंही. पण २०१५ मध्ये वरच्या मंडळाने या प्रकरणात आपण पडणार नाही, असं सांगून विषय मिटवला. जाणंही नाही, बोलणंही नाही. मग उरतं त्याला निष्ठा म्हणत नाहीत, नाइलाज म्हणतात.

पुढे ही दारं एकेक करून उघडली. २०१८ च्या ऑक्टोबरात 'ट्रान्स्फर पोर्टल' सुरू झालं. पोर्टल म्हणजे एक यादी. तिच्यात नाव घातलं की इतर विद्यापीठं त्या खेळाडूशी बोलू शकतात. २०२१ मध्ये, न बसता एकदा संघ बदलायची मुभा मिळाली. त्याच वर्षी २१ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी निकाल दिला, की शिक्षणाशी संबंधित लाभांवर एनसीएएने घातलेल्या मर्यादा कायद्यात बसत नाहीत. १ जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा जाहिरातीसाठी वापरून पैसे मिळवता येऊ लागले. मग श्रीमंत माजी विद्यार्थी आणि चाहते यांनी निधी गोळा करणारी मंडळं काढली, आणि जाहिरातीच्या नावाखाली खरं तर मोल खेळाचं होऊ लागलं. २०२४ पासून कितीही वेळा संघ बदलता येतो, अभ्यास सांभाळला की झालं. आणि न्यायालयातल्या एका तडजोडीनंतर १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात; पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सगळ्या खेळांसाठी मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत.

यावर जुन्या चाहत्यांची तक्रार आहे, की मुलं भाडोत्री झाली. ही तक्रार करणाऱ्यांनी मुलांच्या आधी कोण कोण निघून गेलं, ते आठवावं. २०२१ च्या नोव्हेंबरात ब्रायन केली नोत्र दामचा संघ सोडून एलएसयूला गेले. संघाने बारापैकी अकरा सामने जिंकले होते आणि मोसम पुरता संपलेलाही नव्हता. २०२३ साली टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने जिंबो फिशर यांना काढलं, तेव्हा करारानुसार त्यांना काम न करण्याचे साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागत होतं. आणि खुद्द विद्यापीठं? यूएससी आणि यूसीएलए यांनी शंभर वर्षांहून जुन्या अशा आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या गटाचा निरोप घेतला आणि २०२४ पासून बिग टेनमध्ये गेली. कारण प्रक्षेपणाचा पैसा. कॅलिफोर्नियातली मुलं आता सामन्यासाठी तीन तासांच्या वेळेच्या फरकाने न्यू जर्सीला जातात.

पण सावध. इथे एक सोपा तर्क आपल्याला फसवतो : ते निष्ठावान नाहीत, म्हणून मीही नसलो तर काय बिघडलं? दुसऱ्याने उधारी बुडवली म्हणून माझी उधारी फिटत नाही. वरच्या उदाहरणांतून एवढंच सिद्ध होतं, की विद्यापीठाला निष्ठा मागण्याचा अधिकार फारसा उरलेला नाही. मुलाचं कोणाकोणाला देणं लागतं, हा प्रश्न तसाच शिल्लक राहतो.

आणि इथे महाभारताची मदत होते. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला रथात घेऊन जातो आणि त्याच्यापुढे प्रस्ताव ठेवतो : तू कुंतीचा पुत्र आहेस, पांडवांकडे ये, राज्य तुझं. इतका मोठा प्रस्ताव कोणत्याही विद्यापीठाने कोणाला दिला नसेल! कर्ण नाही म्हणतो. आपण त्या नकाराचं कौतुक करतो, पण त्याची कारणं नीट ऐकत नाही. कर्ण हस्तिनापूरचं नाव घेत नाही. तो राधा आणि अधिरथाचं नाव घेतो, ज्यांनी वाढवलं. आणि दुर्योधनाचं, ज्याच्या आश्रयाने तो जगला आणि ज्याने त्याच्या भरवशावर युद्ध मांडलं. म्हणजे त्याची निष्ठा माणसांना आहे, झेंड्याला नाही. तीच गोष्ट कर्णाची शोकांतिकाही आहे. दुर्योधनाची बाजू अन्यायाची आहे हे त्याला कळत होतं, तरी तो तिथेच राहिला. निष्ठा आहे एवढ्यावरून ती योग्य ठरत नाही. ती कशासाठी आहे हे विचारावंच लागतं. जोसाया रॉइस या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९०८ साली निष्ठेवर ग्रंथ लिहिला, त्यात तोही याच अडचणीशी झगडतो. त्याचा तोडगा असा, की जी निष्ठा इतरांच्या निष्ठेला मारत नाही, वाढवते, ती चांगली.

त्याच पर्वात आणखी एक माणूस आहे, त्याच्याकडे आपलं लक्ष कमी जातं. शल्य. पांडवांचा मामा, त्यांच्याकडेच निघालेला. वाटेत दुर्योधनाने गुपचूप त्याची अशी बडदास्त ठेवली की खूश होऊन तो वर देऊन बसला आणि कौरवांकडे गेला. पुढे कर्णाचा सारथी झाला आणि ऐन युद्धात त्याचाच तेजोभंग करत राहिला. शरीर एका रथावर, मन दुसऱ्या. आमच्या मते संघाला कर्णाच्या जाण्यापेक्षा शल्याच्या असण्याने जास्त इजा होते.

आता पुन्हा मैदानाकडे. २०२५ च्या एप्रिलमध्ये टेनेसी विद्यापीठाचा क्वार्टरबॅक निको इआमालेआव्हा मोबदल्याच्या वाटाघाटींच्या बातम्या येत असतानाच एका सरावाला आला नाही. विद्यापीठाने त्याला मोकळं केलं आणि तो यूसीएलएला गेला. तिथे जोई ॲग्विलार नावाचा दुसरा क्वार्टरबॅक काही महिन्यांपूर्वीच बदली होऊन आला होता. त्याची जागा डळमळली, आणि तो गेला टेनेसीला! पुढे मोसमातले पहिले तीनही सामने हरल्यावर यूसीएलएने आपल्या प्रशिक्षकालाच काढून टाकलं. या मुलांपैकी कोणाचा न्याय करायला आपण इथे बसलेलो नाही. पण या गोष्टीतून दोन गोष्टी दिसतात. एकाच्या जाण्याने कुठेतरी दुसऱ्याची खुर्ची हलते. आणि ज्याच्या शब्दावर आपण जातो, तो तिथे टिकेलच असं नाही.

पैशाला नाक मुरडण्याचंही कारण नाही. कॉलेजात खेळणाऱ्या शंभर मुलांतली दोनसुद्धा पुढे व्यावसायिक लीगमध्ये पोचत नाहीत. बाकीच्यांसाठी ही चार वर्षं हीच कमाईची वर्षं, आणि त्यांची किंमत गुडघे, खांदे आणि मेंदू चुकवतात. अशा मुलाने आईचं कर्ज फेडण्यासाठी संघ बदलला, तर तीही निष्ठाच आहे, घराशी. पण अलास्डेर मॅकइन्टायर हा तत्त्वज्ञ एक भेद करतो, तो इथे उपयोगी आहे. प्रत्येक खेळात, कलेत दोन तऱ्हेची फळं असतात. पैसा आणि कीर्ती बाहेरून मिळतात आणि दुसरीकडेही मिळू शकतात. काही फळं मात्र तो खेळ नीट खेळल्याशिवाय मिळतच नाहीत : डोळ्यांच्या इशाऱ्यावर चेंडू कुठे जाणार हे सोबत्याला कळणं, हरलेल्या सामन्यानंतर एकमेकांना सावरणं. ही दुसरी फळं पिकायला वेळ लागतो. दर जानेवारीत झाड उपटून दुसरीकडे लावलं तर ती धरत नाहीत. पदवीचंही तसंच, बदलीत कधी कधी आधीचे काही विषय नव्या विद्यापीठात धरले जात नाहीत.

मग त्या वीस वर्षांच्या मुलाला काय सांगावं? 'राहा' किंवा 'जा' असं आम्ही सांगणार नाही. आम्ही त्याला तीन प्रश्न विचारू. एक : तुझं देणं नेमकं कोणाला लागतं, त्यांची नावं घेऊन सांग. नाव घेता येत नसेल, नुसतंच विद्यापीठ, परंपरा, रंग असं म्हणत असशील, तर ते देणं वाटतं तेवढं मोठं नाही. दोन : ज्यांची नावं घेतलीस, त्यांना तुझ्या तोंडून हे कळलं आहे की फोनवरच्या बातमीतून? तीन : राहिलास तर पुरता राहशील, की शल्यासारखा?

आणि मोठ्यांसाठी एक प्रश्न. निष्ठा हवी असेल तर ती दोन्ही बाजूंनी लिहून का देत नाही? दोन-तीन वर्षांचा करार, दुखापत झाली तरी शिष्यवृत्ती कायम, प्रशिक्षक गेला तर मुलालाही मोकळीक, आणि हे ठरवताना खेळाडूंच्या संघटनेला टेबलावर जागा. हिर्शमनच्या भाषेत, बोलायला जागा दिली की निघून जाण्याची घाई कमी होते.

पूर्वीची पोरं निष्ठावान होती की नव्हती, हे कळायला मार्ग नव्हता. दारच बंद होतं. आता दार उघडं आहे. त्यामुळे यापुढे जो थांबेल, त्याचं थांबणं प्रथमच त्याचं स्वतःचं असेल. इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.