खाटेवरचा अभिनेता

वैद्यकीय शिक्षणाची चर्चा आपल्याकडे जागा, शुल्क आणि प्रवेश परीक्षा या तीन खुंट्यांभोवती फिरत राहते. २०१४ मध्ये एमबीबीएसच्या सुमारे ५१ हजार जागा होत्या. दहा वर्षांत त्या १ लाख १० हजारांच्या पुढे गेल्या. एवढ्या विद्यार्थ्यांनी रुग्णाशी बोलायला शिकायचे ते कोणावर, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

अमेरिकेत १९६३ मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी एका निरोगी स्त्रीला व्याधिग्रस्ताची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसवले. अशा व्यक्तीला आज ‘प्रमाणित रुग्ण’ म्हणतात. प्रत्येक विद्यार्थ्यापुढे ती तीच तक्रार त्याच शब्दांत मांडते, तीच गोष्ट दडवते आणि शेवटी भूमिका बाजूला ठेवून सांगते, ‘तुम्ही माझ्याकडे एकदाही पाहिले नाही.’ खरा रुग्ण हे कधीच सांगत नाही. त्याला उद्या पुन्हा त्याच दारात यायचे असते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे कोलकाता आठवते. १८३५ मध्ये स्थापन झालेल्या तेथील वैद्यकीय महाविद्यालयात पुढच्याच वर्षी मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, त्याचा गौरव पाठ्यपुस्तकांत आहे. पण विच्छेदनाच्या मेजावर पुढे बहुतेक बेवारसांचीच शवे आली; १९४९ चा मुंबई शरीररचना कायदाही अशाच शवांसाठी होता. जिवंतपणीही तेच घडते. सरकारी रुग्णालयात एकाच पोटावर दहा विद्यार्थी हात ठेवून जातात. खासगी खोलीतील रुग्णाच्या वाट्याला हे सहसा येत नाही.

रुग्णांचे सोंग आपल्याला नवे नाही, असे कोणी खवचटपणे म्हणेल. महाविद्यालयाच्या तपासणीच्या दिवशी खाटा भरून दाखवण्यासाठी बनावट रुग्ण दाखल केल्याचा आरोप सीबीआयच्या २०२५ च्या गुन्ह्यातही आहे. मात्र ते सोंग फसवण्यासाठी, हे शिकवण्यासाठी.

याच साधनाने डॉक्टरांची परीक्षाही घेता येते. दिल्लीत क्षयाची लक्षणे सांगणारे प्रशिक्षित ‘रुग्ण’ खासगी व्यावसायिकांकडे पाठवण्यात आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातील २५० भेटींपैकी केवळ ५२ मध्ये योग्य व्यवस्थापन झाले. ग्रामीण मध्य प्रदेशातील अशाच अभ्यासात एका रुग्णाला सरासरी ३.६ मिनिटे मिळाली. एवढ्या वेळात खोकला किती दिवसांचा, हे विचारायचेही राहून जाते.

अभिनेत्याला वाढलेली प्लीहा दाखवता येत नाही, हृदयातील अस्वाभाविक ध्वनी निर्माण करता येत नाही. म्हणून प्रत्यक्ष कक्षातील शिक्षणाला पर्याय नाही. परंतु कर्करोगाचे निदान कसे सांगावे, हे खऱ्या रुग्णावर गिरवणे क्रूरपणाचे आहे. २०१९ पासूनच्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांसाठी स्वतंत्र घटक आहे. कागदावर व्यवस्था उत्तम! मानधन कोणत्या लेखाशीर्षाखाली द्यायचे, हा प्रश्न आला की फाइल अडते, असा माझा सेवेतील अनुभव आहे.

खर्च फार नाही. जिल्ह्यागणिक हौशी नाट्यमंडळी आहेत, निवृत्त परिचारिका आहेत. अखिल भारतीय कोट्यातून केरळची विद्यार्थिनी बिहारमध्ये येते, तेव्हा पहिली मैथिली किंवा भोजपुरी तक्रार तिने अशाच एखाद्या निवृत्त परिचारिकेच्या तोंडून ऐकावी, चुकावे आणि पुन्हा विचारावे.