मूषेची माती आणि विमानाचे इंजिन

रसशास्त्राचा अभ्यासक मूषेकडे केवळ साधन म्हणून पाहतो. ज्यात द्रव्य तापवावयाचे ते भांडेही जन्मभराच्या संशोधनाचा विषय होऊ शकते, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. प्रा. नितिन पडतुरे यांनी उष्णता सोसणाऱ्या अशाच द्रव्यांच्या अभ्यासात तीन दशकांहून अधिक काळ घालविला आहे.

मुंबईच्या आयआयटीतून १९८५ साली धातुशास्त्राची पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले. आल्फ्रेड विद्यापीठात सिरॅमिक अभियांत्रिकी, १९९१ मध्ये लीहाय विद्यापीठाची पीएच.डी., नंतर कनेक्टिकट व ओहायो स्टेट येथे अध्यापन आणि २०१२ पासून ब्राउन विद्यापीठ, असा त्यांचा प्रवास आहे.

जेट इंजिनातील वायू इतका तप्त असतो की पात्याचा निकेलयुक्त मिश्रधातू त्यात उघडा टिकणार नाही. म्हणून पाते आतून हवेने थंड ठेवतात आणि बाहेरून झिर्कोनियाचा पातळ लेप देतात. शुद्ध झिर्कोनिया थंड होताना स्फटिकरचना पालटून फुगतो व तडकतो; सुमारे सात टक्के यट्रिया मिसळली म्हणजे तो स्थिरावतो. पडतुरे, गेल व जॉर्डन यांनी २००२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात या लेपांचा आढावा घेतला. हा लेप मुद्दाम सच्छिद्र ठेवतात. छिद्रांमुळे उष्णता अडते आणि तापण्या-निवण्याचा ताण लेपास सोसतो.

येथे वैद्यास वज्रमूषा आठवल्यावाचून राहणार नाही. रसरत्नसमुच्चयकारांनी तिच्यासाठी मातीत शण, घोड्याची लीद, जळलेला तूस आणि किट्ट घालावयास सांगितले आहे. शण व लीद भट्टीत जळून जातात आणि मागे छिद्रे राहतात. खर्परसत्त्वासाठी सांगितलेली वृन्ताकमूषा तर नुसती ग्रंथात राहिली नाही. राजस्थानातील झावर येथे जस्ताच्या ज्या प्राचीन भट्ट्या सापडल्या, त्यांत एकेका भट्टीत वांग्याच्या आकाराच्या ३६ मूषा बसविलेल्या होत्या.

मात्र सच्छिद्रता दुधारी असते. इंजिनात शिरलेली वाळू किंवा ज्वालामुखीची राख वितळून लेपाच्या छिद्रांत झिरपते आणि लेप सुटतो. आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेने २०१० साली युरोपची विमाने जमिनीवर बसविली. तीच राख घेऊन पडतुरे यांच्या गटाने प्रयोग केले. गॅडोलिनियम झिर्कोनेटचा लेप त्या वितळलेल्या राखेशी संयोग पावून वरच्या थरातच स्फटिक बनवितो व पुढची वाट बुजवितो, असे त्यांना आढळले.

वितळलेले द्रव्य भांड्यात शिरते, तसे भांड्याचे अंशही द्रव्यात उतरू शकतात. २००४ साली अमेरिकेतील ‘जामा’मध्ये आयुर्वेदीय औषधांतील शिसे, पारा व आर्सेनिक यांविषयी लेख आल्यापासून आपण भस्मांचे विश्लेषण पुष्कळ करू लागलो. पण शराव कोठल्या मातीचे, कापडमातीचे थर किती, मूषा कितव्यांदा वापरली, याची नोंद अहवालात क्वचितच असते. शराव कुंभाराकडून आणवायचे आणि भट्टी विजेची, अशा मिश्र व्यवस्थेत ही उणीव अधिकच जाणवते.

नागपुरात हे काम अवघड नाही. अॅल्युमिनाचा अभ्यास करणारे जवाहरलाल नेहरू अॅल्युमिनियम संशोधन केंद्र वाडीस आहे, विश्वेश्वरय्या संस्थेत धातुशास्त्राचा विभाग आहे आणि नागार्जुनाचे स्थान म्हणून दाखविली जाणारी टेकडी रामटेकला. रिकामे शराव एकदा पुट देऊन, आत काही न घालता, तपासावयास धाडले तरी आरंभ होईल.