जुळ्या शहरांची मोजदाद

सिकंदराबाद १८०६ च्या सुमारास हैदराबादला लागून इंग्रजांची छावणी म्हणून वसले. तिसरे निजाम सिकंदर जाह यांचे नाव त्याला मिळाले, पण नागरी कारभार १९४५ पर्यंत इंग्रजांकडेच राहिला. त्यामुळे दोहोंमधल्या हुसेनसागर तलावाच्या एका काठाची दप्तरे निजामाची, तर दुसऱ्या काठाची इंग्रजांची, असा प्रकार दीर्घकाळ चालला.

निजामाच्या बाजूला शहराची नीट नोंद ठेवण्याची निकड भासली ती २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरानंतर. मुसी नदीने हजारो माणसे नेली. अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण झाले, १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ आले आणि त्याच काळात लिओनार्ड मन यांच्या देखरेखीखाली शहराचे बारकाईने नकाशे काढले गेले. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय ही त्या काळाची फळे.

शहरातल्या कुटुंबांची पाहणी मात्र पुढे झाली, आणि तिचे मूळ पुण्यात सापडते. धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुण्यातील कुटुंबांची पाहणी करून तिचा पहिला भाग १९४५ मध्ये प्रसिद्ध केला होता. स्वातंत्र्यानंतर नियोजन आयोगाच्या संशोधन कार्यक्रम समितीने वीसेक शहरांत अशा पाहण्या करवून घेतल्या. हैदराबादचे काम एस. केशव अय्यंगार यांनी केले. १९५७ मधल्या त्यांच्या अहवालाच्या शीर्षकातच हैदराबाद-सिकंदराबाद हा एक ‘शहरी परिसर’ धरलेला आहे. दोन्ही महापालिका तेव्हा वेगळ्या होत्या. त्या एकत्र आल्या १९६० मध्ये. शहर एक झाले आहे हे अभ्यासकांना सरकारच्या आधी कळले होते. शाह मंजूर आलम यांचा जुळ्या शहरांवरील भूगोलग्रंथ १९६५ चा, म्हणजे विलीनीकरणानंतरचा. सिकंदराबादची छावणी तेवढी विलीनीकरणाबाहेर राहिली. तिचा कारभार वेगळ्या मंडळाकडे.

माहिती हाती असूनही काम अडते, याचा दाखला नाल्यांनी दिला. २४ ऑगस्ट २००० रोजी सिकंदराबादला लागून असलेल्या बेगमपेटेत एका दिवसात सुमारे २४ सेंटिमीटर पाऊस पडला आणि शहरात पाणी शिरले. मग किर्लोस्कर कन्सल्टंट्सकडून नाल्यांचा अभ्यास करवून घेण्यात आला. २००३ च्या त्या अहवालाने नाले रुंद करण्याची आणि त्यांवरील बांधकामे हटवण्याची शिफारस केली. शिफारशी बहुतांशी कागदावर राहिल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये शहर पुन्हा बुडाले, तेव्हा कुठे नालेविकासाचा स्वतंत्र कार्यक्रम हाती घेण्यात आला. अहवाल वाईट नव्हता. त्याचा जाब विचारणारे कोणी नव्हते.

दरम्यान तेलंगण राज्य झाले आणि १९ ऑगस्ट २०१४ रोजी एकाच दिवसात साऱ्या राज्याची कुटुंबपाहणी झाली. सरकारी योजनांसाठी आपली नोंद गावीच व्हावी म्हणून हजारो लोक शहर सोडून गेले. मोजणीच्या दिवशी मोजायचे शहरच काही अंशी रिकामे! अशा आकड्यांवर शहराचे धोरण बेतताना हात आखडता घेतलेलाच बरा.

करोनाच्या काळात याच्या उलट घडले. सीसीएमबी आणि आयआयसीटी या तारनाका परिसरातील दोन केंद्रीय प्रयोगशाळांनी सांडपाण्यातील विषाणूच्या अंशांवरून ऑगस्ट २०२० मध्ये अंदाज मांडला, की शहरात सुमारे ६.६ लाख लोकांना लागण होऊन गेली असावी. चाचण्यांत सापडलेल्या रुग्णांच्या मानाने हा आकडा कितीतरी मोठा होता. कोणाच्या दारात न जाता, कोणाचे नाव न विचारता शहराचे आरोग्य कळते, हे यातून दिसले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याने जातनिहाय पाहणी सुरू केली. तीत ३.५४ कोटी लोकांची नोंद झाली आणि मागासवर्गीयांचे प्रमाण ५६.३३ टक्के निघाले. सुटलेल्या कुटुंबांसाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसरी फेरी घ्यावी लागली. देशाची शेवटची जनगणना २०११ ची आहे. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे.