लाल वही आणि काळा-पांढरा चौकोन

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला गावी गेलो होतो. पाटावर नेहमीप्रमाणे लाल कापडी बांधणीची नवी कोरी वही, तिच्यावर सुपारी आणि झेंडूचं फूल. पण यंदा वहीशेजारी आणखी एक वस्तू मांडलेली दिसली. पुतण्याचा मोबाइल! त्यालाही हळदीकुंकवाचं बोट लागलेलं होतं. वहिनी पदराआड हसत होती. दादा मात्र गंभीर चेहऱ्यानं दोघांवर सारख्याच अक्षता टाकत होता. त्या गांभीर्यामागं सहा-सात वर्षांची हकीकत आहे.

सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी आमचं किराणा दुकान आहे. वडिलांनी थाटलेलं, आता दादा चालवतो. वडिलांचं सारं भांडवल त्यांच्या डोक्यात होतं. कोणाच्या घरी तूरडाळ कधी संपते, कोणाला आंबेमोहोरच लागतो, कोणाचा पगार कोणत्या तारखेला होतो, हे त्यांना वही न उघडता ठाऊक असे. पण पुढं हायवेला मोठं वातानुकूलित दुकान आलं, मग घरबसल्या सामान मागवण्याची सोय आली, आणि दादाची झोप उडाली. आपणही आधुनिक व्हायचं, असं त्यानं ठरवलं.

आणि तिथंच पहिली चूक झाली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, त्या धांदलीत एका विक्रेत्याच्या शब्दावर त्यानं संगणक, बिलाचं यंत्र आणि बारकोड वाचणारं उपकरण असा सगळा सरंजाम कर्ज काढून आणला. जून १९७४ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात च्युइंगगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा दुकानात वाचला गेला, तेव्हापासून हे तंत्र जगभर पसरलं. पण ते बंद पाकिटाचं तंत्र. आमच्याकडे निम्मी विक्री सुट्या मालाची! गूळ, शेंगदाणे, पोहे यांच्यावर कुठल्या रेघा असणार? गिऱ्हाईक पिशवी धरून ताटकळायचं आणि दादा चष्मा सावरत कळफलकावर ‘ग’ शोधायचा. तीन महिन्यांत त्या संगणकावर वहिनीनं विणलेला रुमाल आला. हप्ते मात्र पुढं दोन वर्षं चालू होते. आधी यंत्र आणलं, मग त्याला काम शोधत बसलो, असं दादा आज मोकळेपणानं सांगतो.

दुसरं पाऊल मात्र विनाखर्चाचं निघालं. गल्ल्याजवळ चिकटवलेला तो काळा-पांढरा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी जन्मला. आपल्याकडे २०१६ साली यूपीआय सुरू झालं, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी आली, आणि तो चौकोन हळूहळू भाजीच्या गाडीपर्यंत पोहोचला. बँक खात्यातून होणाऱ्या या व्यवहारांवरचं दुकानदाराचं शुल्कही जानेवारी २०२० पासून माफ झालं. सुट्या पैशांऐवजी गोळ्या देण्याची पद्धत आमच्या दुकानातून गेली, याचं श्रेय याच चौकोनाला. अर्थात सावधपण हवंच. पैसे पाठवल्याचं बनावट चित्र दाखवून एक जण तेलाचा डबा घेऊन गेला, तेव्हापासून रक्कम बोलून सांगणारा डबा गल्ल्यावर आहे. दुसरा धडाही दादानं भिंतीवर लिहून ठेवलाय : पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन मागितला, तर समजावं की आपलेच पैसे जाणार आहेत.

पुतण्या शिक्षण संपवून २०२० च्या टाळेबंदीत घरी आला. त्यानं नवं काही विकत आणलं नाही. वडिलांना एवढंच विचारलं, “बाबा, तुम्हाला रोज कशाचा त्रास होतो?” दादा म्हणाला, “मुदत संपलेल्या मालाचा.” मग त्यानं मोबाइलवर फक्त पन्नास वस्तूंची नोंद सुरू केली. माल कधी आला, किती खपला, मुदत कधी संपते, एवढंच. रोज एक फळी. महिन्याभरात कळलं, की आम्ही अकरा प्रकारच्या शाम्पूच्या पुड्या ठेवतो आणि खपतात त्यातल्या चारच! अडकलेलं भांडवल असं डोळ्यांना दिसलं. वहिनीनं व्हॉट्सअ‍ॅपवर याद्या घेणं सुरू केलं. कित्येक जणी यादी टाइप करत नाहीत, बोलूनच पाठवतात. दुपारच्या सामसुमीत पुड्या बांधायच्या आणि संध्याकाळी सायकलवरून पोचवायच्या. हायवेवरच्या दुकानाला हे जमत नाही.

एवढं सगळं सुरळीत चाललं असताना ठेच लागली ती उधारीत. पुतण्यानं खाती मोबाइलवर चढवली आणि थकबाकीची आठवण आपोआप जाईल, अशी व्यवस्था केली. आम्हा दोघा भावांना पाढे शिकवणाऱ्या, निवृत्त होऊन एकट्या राहणाऱ्या बाईंना एका सकाळी निरोप गेला : आपली १,८४० रुपये थकबाकी त्वरित भरावी. बाई तासाभरात आल्या. रुमालाची गाठ सोडून पैसे मोजले, पावती मागितली आणि काही न बोलता गेल्या. पुढचे दोन महिने त्यांची यादी आली नाही.

पुतण्याचं म्हणणं होतं, हिशेब तर बरोबरच होता. खरंच बरोबर होता. पण त्या महिन्यात बाईंचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. वडिलांना ते ठाऊक असतं. यंत्राला कुठून असणार? शेवटी दादा स्वतः त्यांच्या घरी गेला, पुतण्यालाही बरोबर नेलं. काय बोलणं झालं ते दोघंही सांगत नाहीत. आता खाती मोबाइलवरच आहेत, बेरीज चुकत नाही, पण आपोआप जाणारे निरोप बंद आहेत. कोणाला, कधी आणि कशा शब्दांत आठवण करायची, ते दादा ठरवतो.

छोट्या दुकानदारांनी यंत्राला भिऊ नये, आणि त्याला भाळूही नये, हे मी आमच्या घरात शिकलो. त्रास कुठं आहे ते आधी पाहावं, एका वेळी एकच बदल करावा, घरातल्या तरुणाला गल्ल्यावर बसवावं. वजन, बेरीज, मुदत ही कामं यंत्रानं खुशाल करावीत. गिऱ्हाइकाची ओळख ठेवणं मात्र दुकानदाराकडंच राहावं, कारण मोठ्या दुकानापुढं त्याचा टिकाव लागतो तो तिच्यावरच.

पूजेतली ती लाल वही कशासाठी, असं मी दादाला विचारलं. म्हणाला, “त्यात एकच खातं आहे. बाईंचं.” दर महिन्याच्या एक तारखेला बाई येतात, चष्मा लावून वही मागतात आणि पेन्सिलीनं बेरीज तपासतात. मागच्या महिन्यात दादाची चार रुपयांची चूक निघाली.