‘बेग द क्वेश्चन’ : एका इंग्रजी वाक्प्रयोगाचा अर्थ आणि शोधनिबंधातील उपयोजन

इंग्रजीतून शोधनिबंध लिहिताना ‘धिस बेग्ज द क्वेश्चन’ हा वाक्प्रयोग ‘यावरून असा प्रश्न उपस्थित होतो’ या अर्थाने सर्रास योजला जातो. वृत्तपत्रांत व बोलण्यात हा अर्थ इतका रुळला आहे की ऑक्सफर्ड आणि मेरियम-वेबस्टर या कोशांनीही त्याची नोंद घेतली आहे. त्यामुळे त्यास सरसकट अशुद्ध म्हणता येणार नाही. तथापि शोधनिबंधात मूळ अर्थ जपणे अगत्याचे आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

हा वाक्प्रयोग मुळात तर्कशास्त्रातील एका दोषाचे नाव होय. जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरून युक्तिवाद करणे, हा तो दोष. ॲरिस्टॉटलने ‘प्रायर ॲनालिटिक्स’मध्ये त्याची चर्चा केली आहे. ग्रीक वादपद्धतीत एक पक्ष प्रश्न विचारून प्रतिपक्षाकडून एकेक विधान मान्य करून घेत असे. ज्या मुद्द्यावर वाद आहे तोच मुद्दा ‘मान्य करा’ म्हणून मागणे नियमबाह्य होते. ग्रीक संज्ञेचे लॅटिन रूपांतर ‘पेटिशिओ प्रिन्सिपिआय’, म्हणजे ‘आरंभीच्या मुद्द्याची मागणी’, असे झाले आणि १६व्या शतकात इंग्रजीत या मागणीसाठी ‘बेग’ हे क्रियापद आले. ‘क्वेश्चन’ म्हणजे येथे वादविषय. सारा घोटाळा या एका शब्दाने केला आहे.

न्यायदर्शनास हा दोष अपरिचित नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांतील पाच हेत्वाभासांपैकी ‘साध्यसम’ म्हणजे साध्याप्रमाणेच स्वतःही सिद्ध व्हावयाचा असलेला हेतू. फाउलर यांनी ‘मॉडर्न इंग्लिश युसेज’ (१९२६) मध्ये दिलेली या दोषाची व्याख्या साध्यसमाशी आश्चर्यकारकरीत्या जुळते. (म्हणून मराठीत ‘प्रश्नाची भीक मागणे’ असे शब्दशः भाषांतर करण्यापेक्षा ‘साध्य गृहीत धरणे’ म्हणावे.)

उदाहरणार्थ, ‘ग्रामीण विद्यार्थी इंग्रजीत अनुत्तीर्ण होतात, कारण त्यांची भाषिक क्षमता कमी असते, ती कमी असल्याचे त्यांच्या निकालावरून दिसते.’ ज्याचे कारण सांगावयाचे, तेच येथे कारणाचा पुरावा झाले आहे. अशा युक्तिवादाविषयी ‘द आर्ग्युमेंट बेग्ज द क्वेश्चन’ एवढेच म्हणावयाचे. वाक्य तेथे पूर्ण होते. त्यापुढे ‘व्हाय’ किंवा ‘हाउ’ने सुरू होणारे उपवाक्य जोडावे लागत असेल, तर ‘रेझेस द क्वेश्चन’ हा प्रयोग करावा.

प्रस्तुत लेखिकेच्या एका निबंधावर परीक्षकांनी पूर्वी हाच शेरा दिला होता. कोणता प्रश्न उपस्थित होतो हे लिहावयाचे ते विसरले असावेत, अशा समजुतीने लेखिकेने एक प्रश्न स्वतःच शोधला व त्याचे सविस्तर उत्तर देणारा परिच्छेद जोडला. ज्या गृहीतकावर आक्षेप होता त्यास हातही लागला नाही. निबंध पुन्हा परत आला.