भूगर्भातील कारागीर : नॉर्स वाङ्मयातील 'ड्वेर्ग' आणि निर्मितीची कल्पना

'ड्वेर्ग' या प्राचीन नॉर्स संज्ञेसाठी मराठीत 'बुटका' वा 'खुजा' हे शब्द रूढ झाले आहेत. हिमगौरीच्या गोष्टीतून ते बालवाङ्मयात आले आणि तेथेच स्थिरावले. परंतु ज्या आइसलँडिक वाङ्मयात या भूगर्भवासी जमातीचे सर्वांत सविस्तर चित्र आढळते, तेथे तिच्या उंचीला फारसे महत्त्व नाही. तिची ओळख ठरते ती तीन गोष्टींवरून : ती खडकात व जमिनीखाली राहते, तिला धातुकाम अवगत आहे, आणि तिच्या हातून घडलेल्या वस्तूंत अलौकिक सामर्थ्य असते. 'बुटका' या शब्दाने चौथीच गोष्ट पुढे येते आणि मुख्य तीन मागे पडतात. म्हणून येथे मूळ संज्ञाच कायम ठेवली आहे.

या जमातीच्या उत्पत्तीविषयी दोन परंपरा आहेत. 'व्होलुस्पा' या काव्यात ड्वेर्ग रक्त आणि अस्थी यांपासून निर्माण झाल्याचे सांगून त्यांच्या नावांची लांबलचक यादी दिली आहे. स्नोरी स्टुर्लुसन (११७९–१२४१) याने इ. स. १२२० च्या सुमारास रचलेल्या गद्य 'एड्डा'त मात्र यमीर या आदिराक्षसाच्या मृतदेहात ते प्रथम अळ्यांच्या रूपाने वळवळत होते, मग देवांनी त्यांना मानवी बुद्धी व आकार दिला, असे म्हटले आहे. उगम इतका हीन. पण स्नोरीच्याच ग्रंथात आकाशाचे चार कोपरे तोलून धरणारे उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम या नावांचे चौघे ड्वेर्गच आहेत. विश्वरचनेत आधाराचे आणि समाजरचनेत तळाचे, असे हे दुहेरी स्थान पुढील सर्व कथांत टिकून राहते.

त्यांच्या कारागिरीची प्रमुख कथा पैजेची आहे. लोकीने खोडसाळपणाने थोरची पत्नी सिफ हिचे केस कापले. भरपाई म्हणून इवाल्डीच्या पुत्रांनी सोन्याचे, खऱ्या केसांसारखे वाढणारे केस घडवले. शिवाय घडी घालून पिशवीत ठेवता येईल असे जहाज आणि गुंगनिर हा भाला. तेव्हा लोकीने ब्रोक नावाच्या ड्वेर्गाशी पैज लावली : तुझा भाऊ एइत्री याला या तोडीच्या तीन वस्तू करता आल्या, तर माझे डोके तुझे. एइत्री भट्टीत जिन्नस घालून बाहेर जातो आणि ब्रोकला बजावून ठेवतो, की भाता क्षणभरही थांबता कामा नये. एक माशी येऊन ब्रोकला चावते. आधी हातावर, मग दुप्पट जोराने मानेवर. तो थांबत नाही. सोनेरी आयाळीचा वराह तयार होतो, त्यानंतर दर नवव्या रात्री आठ नवी कडी प्रसवणारे ड्राउप्निर हे कडे. तिसऱ्या खेपेस भट्टीत लोखंड असते. माशी पापणीवर चावते, रक्त डोळ्यांत उतरते आणि ब्रोक एका हाताने ती झटकतो. तेवढ्याने म्योल्निर या हातोड्याचा दांडा आखूड राहतो. तरीही ओडिन, थोर आणि फ्रेय हे परीक्षक त्यालाच सर्वश्रेष्ठ ठरवतात.

या कथेत मंत्र जवळजवळ नाहीच. आहे ते भाता फुंकणे, धग सांभाळणे, वेदना सोसणे. जादू श्रमाहून वेगळी काढता येत नाही, आणि ही गोष्ट मराठी वाचकाला परकी वाटू नये. 'करणी' या आपल्या शब्दात कृती आणि जादूटोणा हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. फेनरिर या लांडग्याला बांधणाऱ्या ग्लेइप्निर या बंधाचीही हीच तऱ्हा. मांजराच्या पावलांचा आवाज, स्त्रीची दाढी, पर्वताची मुळे, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी या सहा जिनसांपासून तो केला आहे. जे नाही किंवा जाणवत नाही, तेही ड्वेर्गांच्या लेखी कच्चा माल असते.

मात्र घडवलेले त्यांच्याकडे राहत नाही. केस, भाला, हातोडा, कडे, सारे देवांच्या घरी जाते. पैज जिंकूनही ब्रोकला लोकीचे डोके मिळत नाही : डोके तुझे, मान नव्हे, असा युक्तिवाद लोकी करतो, आणि ब्रोकला त्याचे ओठ शिवण्यावर समाधान मानावे लागते. जेथे वस्तू बळजबरीने घेतली जाते, तेथे तिला शाप चिकटतो. अंद्वरीकडून लोकी त्याचे सगळे सोने, शेवटची अंगठीसुद्धा, हिसकावतो आणि ती अंगठी पुढच्या प्रत्येक मालकाचा घात करते. ड्वलिन व दुरिन यांच्याकडून राजाने धाकाने करवून घेतलेली तिर्फिंग ही तलवार म्यानाबाहेर आली की बळी घेतल्यावाचून राहत नाही. महाभारतातील मय दानव खांडवदाहातून जीव वाचवल्याच्या कृतज्ञतेने सभा बांधून देतो. ड्वेर्गांच्या वाट्याला अशी कृतज्ञता दाखवण्याचा प्रसंग क्वचितच येतो. शाप ही त्यांची एकमेव दाद-फिर्याद आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला सर्वाधिक विचारात पाडणारी कथा काव्यमधूची आहे. देवांच्या दोन कुळांत तह झाला, तेव्हा दोघांच्या थुंकीतून क्वासिर हा परमज्ञानी पुरुष निर्माण झाला. फ्यालार आणि गालार या ड्वेर्गांनी त्याला ठार मारले, रक्तात मध मिसळला आणि असे पेय तयार केले, की ते पिणारा कवी वा विद्वान होतो. क्वासिरचे काय झाले असे विचारता, आपल्या ज्ञानातच तो गुदमरला, कारण त्याला प्रश्न विचारण्याइतके शहाणे कोणी नव्हते, असे उत्तर त्यांनी दिले. पुढे त्यांनी सुत्तुंगच्या आईबापांचाही जीव घेतला. त्याने त्यांना भरतीत बुडणाऱ्या खडकावर नेऊन ठेवले आणि सुटकेसाठी त्यांनी हे पेय देऊन टाकले. ओडिनने ते सुत्तुंगकडून चोरले. म्हणूनच स्काल्ड कवी काव्याला 'ड्वेर्गांचे पेय' आणि 'ड्वेर्गांची नौका' म्हणत.

येथे काव्य हे दैवी वरदान म्हणून अवतरत नाही. ते हत्या करून, मिसळण करून, भांड्यांत साठवून केलेले आहे आणि देवाकडेही चोरीने आले आहे. स्नोरीच्याच 'इंगलिंग सागा'त ओडिन आणि त्याचे पुरोहित यांना गीतांचे लोहार म्हटले आहे, हे यासंदर्भात लक्षणीय आहे. प्रतिभा आणि कारागिरी यांत आपल्याकडील समीक्षेने पुष्कळदा जी भिंत उभी केली, ती या परंपरेत नाही. किंबहुना, स्काल्डांच्या काटेकोर छंदोरचनेला शोभेल अशीच ही उत्पत्तिकथा आहे.

भाषेशी ड्वेर्गांचे नाते 'अल्विसमाल' या काव्यातही दिसते. थोरच्या मुलीशी विवाह करू पाहणाऱ्या अल्विसला थोर तेरा प्रश्न विचारतो : पृथ्वी, चंद्र, वारा, अग्नी, रात्र यांना निरनिराळ्या लोकांत काय म्हणतात? अल्विस प्रत्येकाचे पर्यायशब्द बिनचूक सांगत जातो, आणि सांगण्याच्या भरात सूर्य उगवल्याचे त्याला भान राहत नाही. उजेड हा त्याचा मृत्यू आहे. जुन्या आइसलँडिकमध्ये प्रतिध्वनीला 'ड्वेर्गमाल', म्हणजे ड्वेर्गांची बोली, असा शब्द आहे.

उत्तरकालीन रूपांतरांत ही जमात पुष्कळ बदलली. वाग्नरच्या, १८६९ साली प्रथम रंगमंचावर आलेल्या 'दास राइनगोल्ड' या संगीतिकेत आल्बेरिश स्वतःच्याच जातभाईंना भूगर्भात राबवतो. बळजबरीने हिरावलेल्या अंगठीचा शाप मात्र तेथे शाबूत आहे. टॉल्किनने १९३७ च्या 'द हॉबिट'मधील ड्वेर्गांची बहुतेक नावे, आणि गँडाल्फ या जादूगाराचेही नाव, 'व्होलुस्पा'तील यादीतूनच उचलली, आणि पुढे त्यांना परक्यांना सहसा न शिकवली जाणारी भाषाही दिली. काव्यमधूची कथा मात्र या दोघांपैकी कोणीच घेतलेली नाही.