झाडे लावली, पण माती काय म्हणते?

झाड लावणारा माणूस पुण्यवान, याबद्दल आपल्याकडे दुमत नाही. मृगाच्या सरी पडल्या की शाळेतली पोरे, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि मंत्रिमहोदय, सारेच हातात रोप घेऊन उभे राहतात. १९५० साली कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासूनची ही रीत. २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत तर आपल्या राज्याने पन्नास कोटी झाडांचा संकल्प सोडला होता! या हौसेला नाक मुरडणारा मी कोण? मला बोलायचे आहे ते रोपाखालच्या खड्ड्याबद्दल. झाडाच्या नावे जमा किती, हे सगळे मांडतात. त्याच झाडापायी मातीचा खर्च किती झाला, हे विचारणारा विरळा.

माती श्वास घेते, असे म्हटले तर कुणी हसेल. पण ते अगदी खरे आहे. मेलेली मुळे, गळालेली पाने, किड्यामुंग्यांची कलेवरे यांतला कर्ब मातीत साठत जातो. पृथ्वीवरील मातीच्या वरच्या एका मीटरमध्येच, साऱ्या वातावरणात आहे त्याहून अधिक कर्ब दडलेला आहे. जिवाणू आणि बुरशी या साठ्यावर जगतात व कर्बवायू, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड, बाहेर सोडतात. पाणी तुंबून हवा कोंडली तर मिथेन निघतो. नत्राची गडबड झाली तर नायट्रस ऑक्साइड निघतो. आणि हा गृहस्थ असा की, शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक किलो कर्बवायूच्या सुमारे २७३ किलोंइतकी उष्णता धरून ठेवतो. तेव्हा नवे रान लावताना जमीन खणली, नांगरली, तिचे पाणी काढले, की खाली काय होते, हा प्रश्न केवळ पंडितांचा राहत नाही.

या प्रश्नाचा सर्वांत बोलका दाखला स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेकडे, केथनेस आणि सदरलँड या भागांत आहे. त्याला म्हणतात फ्लो कंट्री. सुमारे चार हजार चौरस किलोमीटरांचा ओला, उघडा, वाऱ्याचा मुलूख. झाड औषधालासुद्धा नाही. पायाखाली पीट, म्हणजे स्फॅग्नम नावाच्या शेवाळाचे अर्धवट कुजलेले थरावर थर; काही ठिकाणी दहा मीटरांपर्यंत खोल. हा थर वर्षाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे तळाचे शेवाळ हजारो वर्षांपूर्वीचे. ते इतकी वर्षे टिकले कसे? आपल्या घरच्या लोणच्याच्या बरणीत पाहा. फोडी तेलाखाली बुडालेल्या आहेत तोवर वर्ष उलटले तरी बिघडत नाहीत. तेल खाली गेले आणि फोड उघडी पडली की चार दिवसांत बुरा. पीटचे तेल म्हणजे पाणी. पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून कुजणे जवळजवळ थांबते. थोडा मिथेन निघतो हे खरे, पण कर्बाचा खजिना शाबूत राहतो.

या बरणीचे तेल माणसाने उपसले ते १९८० नंतरच्या दशकात. आणि त्याचे कारण वनप्रेम नव्हते, प्राप्तिकर होता! त्या काळी ब्रिटनमध्ये बड्या मिळकतीच्या वरच्या हिश्श्यावर पौंडाला साठ पेन्स कर पडे. रान लावण्याचा खर्च मात्र इतर उत्पन्नातून वजा करता येई. मग काय, लंडनमध्ये बसून गायक, खेळाडू, दूरचित्रवाणीवरचे तारे उत्तरेत जंगलांचे मालक झाले. त्यांपैकी कितींनी आपले रान डोळ्यांनी पाहिले, देव जाणे. दलदल खोल नांगरली गेली, चर काढून पाणी नद्यांत सोडले गेले आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचे सिटका स्प्रूस व लॉजपोल पाइन रांगांनी उभे राहिले. आरडाओरड झाली. अखेर मार्च १९८८ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी ही सवलत काढून घेतली आणि लागवड बसली.

पण चर वाहतच राहिले. पाणी उतरले, हवा शिरली, आणि हजारो वर्षांचे शेवाळ कुजू लागले. झाडे मोठी झाली तशी मुळांनी पाणी शोषून जमीन आणखी वाळवली. वर झाड कर्ब घेत होते आणि खाली माती तो सोडत होती. झाडाचा कर्ब तोडणीपर्यंतचा. मातीचा गेलेला कर्ब मात्र परत यायला तितकीच हजारो वर्षे हवीत. असल्या सौद्याला आपल्याकडचा कोणताही वाणी हात लावणार नाही.

कुणी म्हणेल, हे खोल दलदलीचे झाले. साध्या माळरानाचे काय? तेही पाहण्यात आले. स्कॉटलंडमध्येच हेदर नावाच्या झुडपांच्या रानात, सेंद्रिय थर असलेल्या जमिनीवर, बर्च आणि पाइन लावून त्याचे हिशेब ठेवले होते. २०२० साली नीना फ्रिगेन्स आणि सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केले. लागवडीला कुठे १२ वर्षे झालेली, कुठे ३९. चार ठिकाणी तपासणी झाली आणि एकाही ठिकाणी झाडे व माती मिळून कर्बाची निव्वळ वाढ आढळली नाही. एके ठिकाणी तर घटच होती. येथे कुणी मोठे चर काढले नव्हते. झाडांच्या मुळांशी राहणाऱ्या बुरशा हेदरच्या बुरशांहून वेगळ्या. त्यांच्या येण्याने मातीतला जुना साठा लवकर कुजत असावा, असा संशोधकांचा तर्क आहे.

म्हणून कुणी रोप फेकून देऊ नये, बरे का! नांगरून नांगरून कर्ब गमावलेल्या शेतजमिनीवर रान वाढले तर कालांतराने मातीचीही भर होते. कोरड्या रानातली माती हवेतला मिथेन गिळतेसुद्धा. आणि स्कॉटलंडचे आकडे आपल्या काळ्या मातीला लावणे म्हणजे कोकणचा पाऊस सोलापूरला मोजणे. पण सोलापूरकडच्या गवताळ माळाला 'पडीक' म्हणून तेथे सरसकट खड्डे खणण्याआधी, या गवताचा बहुतेक कर्ब जमिनीखाली मुळांत आहे एवढे तरी पाहावे, असे मला आग्रहाने वाटते. माळढोकाला तर तो उघडा माळच हवा, ही गोष्ट वेगळीच.

ब्रिटनमध्ये आता खोल पीटवर नवे रान लावू देत नाहीत. फोर्सिनार्डला पक्षिसंरक्षक संस्थेने १९९५ पासून जमीन विकत घेतली, लावलेली झाडे तोडली, चर बुजवले. पहिल्या तोडणीची लहान झाडे तर विकण्याजोगीही नव्हती. ती चरांतच लोटली. २०२४ साली युनेस्कोने फ्लो कंट्रीला जागतिक वारशाचा मान दिला. पुन्हा ओल्या केलेल्या दोन जागांची हवा शास्त्रज्ञांनी मोजली तेव्हा, दुरुस्तीला दहा वर्षे झालेली जागा अजून कर्बवायू सोडत होती. सोळा वर्षे झालेली तो घेऊ लागली होती.